साठी ओलांडल्यावर बाईने आनंद कशात शोधावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की नोकरी संपली, मुलं मार्गी लागली, हातात वेळच वेळ आहे, पण मन कशात रमत नाही. तर आता आनंद शोधायचा कुठे? आणि शेवटी कंसात एक ओळ टाकलीय: 'मैत्रिणी सहलीला बोलावतात, पण प्रवासात सारखं लघवीला जावं लागतं म्हणून टाळते.' बाकीच्या उत्तरांत चित्रकला आहे, वाचन आहे, ध्यान आहे. कंसातल्या ओळीला कोणीच हात लावलेला नाही. माझं काम स्त्रियांच्या फिजिओथेरपीचं आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला त्या ओळीत दिसतं.

खोकला आला की थेंब जातो, म्हणून बाई मोठ्याने हसणं आवरते. घाई झाली की धरवत नाही, म्हणून नाटकाला जाताना कडेची खुर्ची मागते, मग जाणंच सोडते. पडायची भीती वाटते म्हणून जिना टाळते. चार जणी बोलत असताना नीट ऐकू येत नाही म्हणून गप्प बसते. अशी एकेक गोष्ट सुटत जाते आणि शेवटी घरचे म्हणतात, हिला कशात रसच राहिला नाही. रस असतोच, वाट बंद झालेली असते. अशा बाईला 'एखादा छंद लावून घ्या' असं सांगणं मला निरर्थक वाटतं.

यावर ठरलेलं वाक्य म्हणजे 'वयानुसार होतंच हे.' घरचे म्हणतात, काही डॉक्टर म्हणतात, सगळ्यात आधी आपण स्वतःच म्हणतो. पाळी गेल्यावर गळती जास्त जणींना होते, हे खरं. पण जास्त जणींना होते म्हणून तिच्यावर इलाज नाही, असा अर्थ निघत नाही. या वाक्याने जेवढ्या बायका घरात बसवल्या, तेवढ्या गुडघ्यांनीही बसवल्या नसतील.

आता नेमकं काय करायचं ते सांगते.

माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणारे हेच. बाळंतपणं, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, जुनाट खोकला, वाढलेलं वजन यांनी ते सैल होतात. अर्नॉल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं, म्हणून लोक 'केगल' म्हणतात. सगळ्यांनी नाव ऐकलेलं असतं, आणि बहुतेक जणी तो चुकीचा करतात. १९९१ च्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना तोंडी सूचना देऊन तो करायला सांगितला. जेमतेम निम्म्या जणींना नीट जमला, आणि चौथा हिस्सा बायका अशा पद्धतीने करत होत्या की गळती उलट वाढावी. त्या वर खेचण्याऐवजी खाली जोर देत होत्या.

म्हणून आधी स्नायू ओळखा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. वायू आणि लघवी दोन्ही एकाच वेळी रोखायची आहेत असं समजून आत आणि वर ओढा. कुल्ले घट्ट होता कामा नयेत, मांड्या एकमेकींवर दाबल्या जाता कामा नयेत, श्वास चालू राहिला पाहिजे. ओढताना मोठ्याने पाच आकडे म्हणा. म्हणता आले तर श्वास रोखलेला नाही. सैल सोडल्यावर वर ओढलेले स्नायू पुन्हा खाली आल्याचं स्पष्ट जाणवलं पाहिजे. ओढताना खाली फुगवटा जाणवला, तर तुम्ही ढकलताय. थांबा आणि पुन्हा पहिल्यापासून करा. लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज सराव करू नका. तशाने मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते.

जमलं की ३ ते ५ सेकंद धरा, तेवढाच वेळ सोडा. असं ८ ते १० वेळा. मग पटकन ओढून पटकन सोडायचं, १० वेळा. हे दिवसातून तीनदा. धरण्याचा वेळ दर आठवड्याला एखाद सेकंदाने वाढवत १० सेकंदांपर्यंत न्या. दोन आठवडे झोपून, मग बसून, मग उभं राहून, कारण गळती होते ती उभं असताना. किमान तीन महिने द्या. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडणाऱ्याच जास्त असतात, आणि फरक दिसायला तर तेव्हा जेमतेम सुरुवात होत असते.

तोवर एक युक्ती लगेच कामी येते. खोकायच्या, शिंकायच्या किंवा वजन उचलायच्या क्षणभर आधी स्नायू वर ओढा आणि तसेच धरून ठेवून खोका. १९९८ मध्ये सरासरी ६८ वर्षांच्या २७ स्त्रियांना ही युक्ती शिकवली, आणि एका आठवड्यात त्यांची खोकतानाची गळती बरीच कमी झाली. स्नायू एका आठवड्यात बळकट होत नाही. इथे सुधारते ती फक्त वेळ साधण्याची सवय.

तुमचं दुखणं मात्र मला जास्त करून घाईचं वाटतं, आणि घाईला मूत्राशयाला पुन्हा वळण लावावं लागतं. तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेलात, मोजपात्रात किती मिली झाली, काय आणि किती प्यायलात, गळती झाली तर तेव्हा काय चाललं होतं. निरोगी मूत्राशयात ४०० ते ५०० मिली मावते. तुमच्या वहीत दर वेळी १००-१५० दिसलं, तर मूत्राशय भरलेलं नसतानाच ते हाक मारतंय. याचं एक मोठं कारण म्हणजे 'निघायच्या आधी जाऊन येते' ही सवय. प्रत्येक वेळी थोडक्यावर रिकामं केलं की त्याला थोडक्यातच भरल्यासारखं वाटू लागतं.

वहीतलं सध्याचं अंतर घ्या, समजा एक तास. पहिला आठवडा घड्याळ लावून सव्वा तासाने जा, पुढच्या आठवड्यात दीड तासाने. तीन ते चार तासांपर्यंत पोचायचं. मध्येच जोराची कळ आली तर धावत सुटू नका. धावताना पोटात दाब वाढतो आणि नेमकी दाराशी गळती होते. जागच्या जागी थांबा, शक्य असेल तर बसा, ते स्नायू पाच-सहा वेळा पटपट ओढा, संथ श्वास घ्या. कळ लाटेसारखी येते, ओसरते. ओसरली की शांतपणे चालत जा. आज दोन मिनिटं थांबता आलं तरी पुष्कळ.

पाणी तोडू नका. ही चूक प्रवासाला निघालेली जवळजवळ प्रत्येक बाई करते. पाणी कमी झालं की लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला चिडवते, बद्धकोष्ठता होते आणि भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाबतो. दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर ठेवा (हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर तीच पाळा), फक्त झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी प्या. चहा-कॉफी निम्म्यावर आणून आठवडाभर फरक बघा. रात्री तीन-चार वेळा उठावं लागत असेल आणि संध्याकाळी पाय सुजत असतील, तर दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून पडा. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर मूत्रपिंडांकडे येतं. ते रात्रीऐवजी संध्याकाळीच निघून जाऊ द्या.

पाळी गेल्यानंतर योनीमार्ग आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग, घाई, संबंधांच्या वेळी दुखणं या सगळ्यामागे तेच असू शकतं. त्यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम किंवा तिथेच ठेवायची गोळी मिळते. ती जागेवरच काम करते आणि रक्तात फारच थोडी जाते. ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे त्यांनी आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलावं. इतरांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना थेट नाव घेऊन विचारावं. आपण विचारत नाही तोवर हा विषय सहसा निघत नाही. आणि हो, साठीनंतरही शरीरसुख हवंसं वाटणं हा आनंदाच्या प्रश्नाचाच भाग आहे. तुम्ही ते लिहिलं नाहीत, पण वाचणाऱ्या अनेक जणींच्या मनात असेल, म्हणून लिहिलं.

दुसरी वाट पायांची. ४३ सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या स्त्रियांमध्ये १२ ते १७ नेहमीचं धरतात, ६५ ते ६९ मध्ये ११ ते १६. कमी भरले तर हीच परीक्षा तुमचा व्यायाम: ८ ते १२ वेळा, असे दोन-तीन फेरे, आठवड्यातून दोन-तीन दिवस, एक दिवसाआड. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सोपे वाटू लागले की पाठीवरच्या पिशवीत एकेक किलो वाढवा. वजन न वाढवणं हीच इथली नेहमीची चूक; तेच हलकं डंबेल वर्षभर हलवून ताकद येत नाही. नुसतं चालणंही पुरत नाही. चालण्याने दम वाढतो, पण पडताना सावरणारी ताकद आणि तोल वेगळा कमवावा लागतो.

'या वयात वजन उचलायचं?' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: १९९० मध्ये मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे जड वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यामुळे साठीतल्या बाईला 'आता आराम करा' म्हणणाऱ्यांचं ऐकण्याचं मला काही कारण दिसत नाही.

कानांबद्दल थोडक्यात: तपासून घ्या, यंत्र लागलं तर लावा, आणि पहिल्या आठवड्यात गोंगाट वाटतो म्हणून डबीत टाकू नका. मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात.

आता तुम्ही जे विचारलंत ते. काय निवडावं हे मी सांगणार नाही, पण टिकतं काय ते सांगते. थोडं अवघड असलेलं, आठवड्यात ठरलेला वार आणि वेळ असलेलं, तुम्ही गेला नाहीत तर 'आज का आला नाहीत?' असं कोणीतरी विचारेल असं, आणि सहा महिन्यांनी आपली प्रगती दिसेल असं काहीतरी. यातलं एकही नसलेला छंद महिन्याभरात कपाटात जातो. मेरी डिलेनी या इंग्रज बाईंनी दुसरा नवरा गेल्यानंतर, सत्तरी उलटल्यावर, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून फुलांची चित्रं चिकटवायला सुरुवात केली. दृष्टी साथ देत होती तोवर दहा वर्षांत जवळपास हजार केली, आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अचूक, पाकळी न् पाकळी मोजून. वेळ घालवण्यापुरतं कोणी एवढं करत नाही.

आणि त्याची निवड तुमची हवी. १९७६ मध्ये एलन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी एका वृद्धाश्रमात एका गटाला एकेक रोप दिलं, स्वतः सांभाळायला, आणि लहानसहान निर्णयही त्यांच्यावर सोपवले. दुसऱ्या गटालाही रोप दिलं, पण पाणी घालायचे कर्मचारी. पहिला गट जास्त उत्साही आणि कामात गुंतलेला दिसला. घरात 'तू बस, आम्ही करतो' म्हणणारी मुलं प्रेमानेच म्हणतात, पण त्यात बाईचे निर्णय एकेक करून काढून घेतले जातात. नातवंडांचंही तसंच. सांभाळायला आवडत असेल तर जरूर सांभाळा, पण तास ठरवून. तुमच्या वर्गाची वेळ ही तुमची 'रिकामी वेळ' नाही, हे एकदा स्पष्ट सांगावं लागतं. रुसतील, दोन महिन्यांत सवय होते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. लघवीत रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, लघवी अडणं, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटणं, यातलं काही असेल तर व्यायामाआधी डॉक्टर. अंग उतरलेलं असेल तर आधाराची रिंग बसवता येते. शस्त्रक्रिया हा एकच मार्ग नाही. घाईसाठी गोळी लिहून दिली तर 'याने स्मरणशक्तीवर परिणाम होतो का?' असं विचारा, कारण ऑक्सिब्युटिनिनसारख्या काही गोळ्या वयस्कांना त्या बाबतीत त्रास देतात. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर वजन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वाढवा. आणि मन कशातच न रमणं दोन आठवड्यांहून जास्त रोजचं असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. थायरॉईड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. जगणं नकोसं वाटत असेल तर तपासण्यांची वाट न बघता आजच जवळच्या कोणाला सांगा आणि डॉक्टर गाठा.