मुलीच्या नावाने मेल कोणी लिहिले?

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. फिजिओथेरपीची पदवी ७२ टक्के गुणांनी पूर्ण केली. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ‘कॉलेज ऑफ हेल्थ अँड ह्यूमन सर्व्हिसेस’मध्ये तिला एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळाला आहे. तिथले प्राध्यापक काय संशोधन करतात हे बघून मी एक्सेलमध्ये तक्ता केला : नाव, विषय, ग्रँटची (संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानाची) रक्कम, पेपरची संख्या. ज्यांची ग्रँट सर्वांत मोठी, त्यांना मुलीच्या नावाने मीच पाच मेल पाठवले. उत्तर नाही. मुलीला मात्र एका नव्या असिस्टंट प्रोफेसर बाईंकडे काम करायचं आहे. त्यांचा विषय काय, तर वयस्कर माणसं घरात का पडतात! ग्रँटही अगदी किरकोळ. मुलीला म्हाताऱ्या माणसांशी बोलत बसायला आवडतं, पण त्याला करिअर म्हणत नाहीत. मोठ्या प्राध्यापकांपर्यंत पोहोचायचं कसं आणि मुलीला पीएचडीकडे वळवायचं कसं?

उत्तर : पाच मेल तुम्ही लिहिलेत, तिच्या नावाने. तिला ते ठाऊक आहेत का, हे पत्रात कुठेच नाही.

उत्तर आलं नाही हे नशीब समजा. आलं असतं तर त्या प्राध्यापकांनी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल ठेवला असता आणि विचारलं असतं, ‘माझ्या कामातलं नेमकं काय वाचलंस?’ तुमच्या मुलीने काहीच वाचलेलं नाही. वाचलंय तुम्ही, आणि तेही रकमेच्या रकान्यापुरतं. तिची त्या विद्यापीठातली पहिली ओळख ‘खोटं बोलणारी मुलगी’ अशी झाली असती. प्रेमापोटी केलेली असली तरी ही तोतयेगिरीच आहे, आणि मी तिला दुसरं नाव देणार नाही.

मी एवढं का ताणतोय ते सांगतो. या कॉलेजात प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम करायचं तर विद्यार्थ्याला आधी माणसांवरच्या संशोधनाच्या नीतिनियमांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. संशोधन नीतिनियमांना धरून आहे ना हे तपासणाऱ्या मंडळाची, ज्याला तिथे सगळे आयआरबी म्हणतात, मंजुरी मिळाल्याशिवाय कोणाला साधी प्रश्नावलीही देता येत नाही. यामागे एक काळा इतिहास आहे. अलाबामात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता नुसती नजर ठेवली. तुमच्या ‘खराब रक्ता’वर इलाज चालू आहे, असं त्यांना सांगितलं जाई. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते दिलं नाही. वर्तमानपत्रात बातमी फुटली तेव्हा हे थांबलं. त्यातून माणसांवरच्या संशोधनाला नियम घालणारा १९७४ चा कायदा आला आणि १९७९ मध्ये अशा संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारा बेलमाँट अहवाल. त्या अहवालाच्या तीन तत्त्वांपैकी पहिलं म्हणजे व्यक्तीचा आदर : समोरचा माणूस स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतो हे धरून चालायचं आणि त्याला विचारल्याशिवाय त्याच्या बाबतीत काही करायचं नाही. तुमची तुलना मी त्या लोकांशी करत नाही, गैरसमज नको. पण तुमची मुलगी जे शास्त्र शिकायला निघाली आहे त्यात पहिल्याच आठवड्यात ‘संमती’ हा शब्द तिच्यापुढे येणार आहे. तेव्हा तिला कोणाची आठवण व्हावी असं तुम्हाला वाटतं?

आता तुमचा तक्ता. ‘मोठी ग्रँट म्हणजे मोठी संधी’ हा समज माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांचा असतो आणि तो जवळजवळ उलटा आहे. ग्रँट म्हणजे प्राध्यापकाच्या खिशातला पैसा नव्हे. आरोग्य संशोधनाला पैसा पुरवणारी एनआयएचसारखी सरकारी संस्था ती रक्कम विद्यापीठाला देते. त्यातला मोठा वाटा इमारत, वीज, प्रशासन अशा अप्रत्यक्ष खर्चात जातो. उरलेल्या पैशाचा हिशेब अर्ज करतानाच ओळीओळीने लिहिलेला असतो : कोणाचा किती पगार, संख्याशास्त्रज्ञाला किती, सहभागी होणाऱ्यांना किती मानधन. त्यात विद्यार्थ्याची जागा असलीच तर ती बहुधा पीएचडीवाल्यासाठी धरलेली असते आणि तुमचा मेल पोहोचण्याच्या कितीतरी आधी भरलेली असते. एनआयएचची सर्वपरिचित ‘आर-०१’ ग्रँट साधारण चार-पाच वर्षांची असते. चौथ्या वर्षातली भली मोठी ग्रँट म्हणजे शेवटच्या स्टेशनाजवळ आलेली गाडी. शिवाय २०२५ मध्ये तिथे कित्येक मंजूर ग्रँट मध्येच रद्द झाल्या, आणि अप्रत्यक्ष खर्च १५ टक्क्यांवर आणायची एनआयएचची घोषणा थेट कोर्टात गेली. त्यामुळे रकमेपेक्षा मुदत बघा. एनआयएच रिपोर्टर नावाच्या खुल्या शोधसाधनात प्रत्येक प्रकल्पाची सुरुवातीची आणि शेवटची तारीख दिलेली असते. तुमच्या तक्त्यात तो रकानाच नाही.

आणखी एक. या कॉलेजांना तुम्ही बायोटेकच्या प्रयोगशाळा समजता आहात. नर्सिंग, सोशल वर्क, सार्वजनिक आरोग्य, ऑक्युपेशनल थेरपी, वाणी आणि श्रवणदोष अशी खाती तिथे एका छताखाली नांदतात. त्यांची ‘प्रयोगशाळा’ म्हणजे बहुतेक वेळा वृद्धाश्रम, शाळा, दवाखान्याबाहेरचा बाक, नाहीतर कोणाचं तरी स्वयंपाकघर. स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याला सांभाळणारी बायको किती तास झोपते, अर्धांगवायूनंतर बोलणं परत यायला कशाची मदत होते, असले त्यांचे प्रश्न. काम दिसायला रटाळ : लोकांना फोन करा, त्यांना आमच्या अभ्यासात याल का विचारा, मुलाखती घ्या, त्या उतरवून काढा, माहिती रेडकॅप नावाच्या संगणक प्रणालीत भरा, तिसऱ्या महिन्यात येईनाशा झालेल्या आजोबांना पुन्हा फोन करा. या कामात पहिला कस कशाचा लागतो? अनोळखी म्हाताऱ्या माणसाजवळ बसून त्याला बोलतं करण्याचा. तुम्ही ज्याला ‘करिअर म्हणत नाहीत’ म्हणालात, त्याचा.

आणि घरात पडणं हा काही हसण्यावारी न्यायचा विषय नाही. अमेरिकेत पासष्टीपुढच्या दर चार माणसांत एकाहून अधिक जण वर्षभरात एकदा तरी पडतात. त्या वयात अपघाताने येणाऱ्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण पडणं हेच आहे. तोल, पायातली ताकद, झोपेच्या गोळ्या, चष्मा, बाथरूममधला दिवा, आणि ‘पुन्हा पडेन’ या भीतीने चालणंच कमी करणं, असा सगळा गुंता त्यात असतो. ताई-चीसारख्या तोल सावरणाऱ्या व्यायामांनी पडण्याचं प्रमाण कमी होतं हे चाचण्यांतून दिसलंय, पण लोक तो व्यायाम सहा महिन्यांनंतरही का करत राहतात किंवा का सोडतात, हे खरं कोडं आहे. फिजिओथेरपी शिकलेली, वर लोकांशी बोलू शकणारी मुलगी या विषयाला आयती मिळाली आहे. तिने विषय अचूक हेरला आहे. तुम्ही मात्र त्यापुढे उद्गारचिन्ह टाकलंत.

त्या नव्या बाईंबद्दलही सांगतो, दोन्ही बाजूंनी. असिस्टंट प्रोफेसरला साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरसाठी, म्हणजे कायमच्या नेमणुकीसाठी, उभं राहावं लागतं. तोवर पेपर हवेत, त्यामुळे हाताशी मनापासून काम करणारे विद्यार्थी हवेत. अशा बाई मेलला उत्तर देतात, मसुद्यावर लाल खुणा करतात, पेपरवर विद्यार्थ्याचं नाव घालतात. उलट बाजू अशी की त्या दुसरं विद्यापीठ गाठू शकतात आणि त्यांच्याकडे पगारी जागा नसण्याची शक्यता खूप. म्हणून तिने सरळ विचारावं : पगारी जागा आहे की फक्त क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमातले गुणांक? एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. पहिल्या वर्षाची फी या आशेवर बेतू नका.

बाकीचं थोडक्यात. एमपीएच केल्याने तिथे फिजिओथेरपिस्ट म्हणून परवाना मिळत नाही. त्यासाठी पदवीचं मूल्यमापन आणि एनपीटीई ही फिजिओथेरपिस्टच्या परवान्याची परीक्षा असा वेगळा रस्ता आहे. एपिडेमिऑलॉजी (रोगांच्या प्रसाराचं शास्त्र) किंवा बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याचं संख्याशास्त्र) ही शाखा असेल तर शिक्षणानंतरच्या कामाच्या मुदतीत ‘स्टेम’ची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांना मिळणारी, २४ महिन्यांची वाढ मिळू शकते, सर्वसाधारण एमपीएचला ती सहसा नाही. प्रवेशपत्रावर कोणती शाखा लिहिली आहे ते आजच बघा. पीएचडीचं म्हणाल, तर कोणालाही त्याकडे ‘वळवता’ येत नाही. चार-पाच वर्षं एकाच प्रश्नाशी झगडायचं असतं, तो प्रश्न बापाचा असून भागत नाही.

आता करायचं काय? आज रात्री तिला त्या पाच मेलबद्दल सांगा. ती चिडेल. चिडू द्या, मध्ये ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणू नका. त्या प्राध्यापकांना दोन ओळींचा खुलासा पाठवायचा की गप्प बसायचं, हे ती ठरवेल. मग तिने त्या बाईंचे दोन पेपर नीट वाचावेत आणि स्वतःच्या इंग्रजीत सात-आठ ओळींचा एकच मेल लिहावा : मी कोण, फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपमध्ये कोणता पेशंट लक्षात राहिला, तुमच्या पेपरमधला हा भाग समजला नाही, पुढच्या सत्रात तुमच्या टीमच्या बैठकीला बसू का? तुम्ही तो मेल तपासायचा नाही, स्पेलिंगसाठीसुद्धा नाही.

तक्ता फेकू नका, मेहनत घेतली आहे. मुदतीचा रकाना घालून तिच्याकडे द्या. आणि मला आणखी काही विचारायचं असेल तर पुढचं पत्र तिचं असू दे.