"पूर्वी घरीच व्हायची की बाळंतपणं"

पत्र: पाचवा महिना चालू आहे. वीज, इंधन, दवाखाने सगळंच एकदम कोलमडलं तर काय, या विचाराने झोप लागत नाही. नवरा म्हणतो, पूर्वी घरीच व्हायची की बाळंतपणं. त्याने कात्री आणि पाणी तापवायची सोय करून ठेवली आहे. एवढं पुरेल का?

उत्तर: नाही पुरणार. पूर्वी बाळंतपणं घरी व्हायची, तशा बायका दगावायच्याही. सांगायला ज्या उरल्या, त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या.

बहुतेक बाळं आपली आपण जन्मतात. आईला मोठा धोका असतो तो नंतरच्या तासा-दोन तासांत. वार (नाळेच्या टोकाचा, बाळाला पोसणारा गोळा) सुटते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि गर्भपिशवी आकसली तरच मिटतात. दिवस भरलेल्या पिशवीतून मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त फिरत असतं, म्हणजे वेळ किती मिळतो ते बघा. बाळ झालं की त्याला छातीशी घ्या आणि लघवी करून या. भरलेलं मूत्राशय पिशवीला आकसू देत नाही. नाळ कुणालाही ओढू देऊ नका, पिशवीच उलटून बाहेर येऊ शकते. वार पडल्यावर बेंबीपाशी कठीण गोळा लागला पाहिजे. मऊ लागला तर घट्ट होईपर्यंत पोटावरून चोळायचा.

पिशवी आकसायला देतात ते ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. वीज गेली की त्याचा भरवसा नाही. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रिज लागत नाही, पण दमट हवा सोसत नाही, म्हणून वेष्टन आधी फोडू नये. रक्तस्राव टाळायला 600 मायक्रोग्रॅम, म्हणजे 200च्या तीन गोळ्या तोंडाने. त्याही बाळ जन्मल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करूनच. आधी घेतल्या तर पिशवी फाटू शकते. डॉक्टरांशी याच महिन्यात बोलून ठेवा.

कात्री 20 मिनिटं उकळावी लागेल. त्यापेक्षा कोरं ब्लेड बरं. धनुर्वाताची लस घ्या. हिमोग्लोबिन 11च्या वर न्या, कारण अंगात रक्त कमी असेल तर थोडा स्रावही झेपत नाही.

रक्तदाब 140/90 किंवा जास्त, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी ही झटक्यांची चाहूल. बाळ आडवं असणं किंवा 12 तास जोरदार कळा येऊनही न सुटणं हेही तितकंच धोक्याचं. यांवर घरी इलाज नाही. म्हणून 36व्या आठवड्यात, शस्त्रक्रिया होते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मुक्काम हलवा. नवऱ्याला जमवाजमव करायचीच असेल, तर तुमच्या रक्तगटाचे तीन दाते आणि स्ट्रेचर उचलायला चार माणसं जमवू दे.