अ‍ॅड्रिनलची गाठ: दुसरा सीटी करण्याआधी पहिल्याच सीटीतला आकडा विचारा

भाऊ, तुमच्या बाबांचं वाचलं. वय 61, मुतखड्याच्या दुखण्यावरून यवतमाळला प्लेन सीटी केयूबी (किडनी ते मूत्राशयाचा बिना इंजेक्शनचा सीटी) केला, 7 एमएमचा खडा निघाला आणि रिपोर्टच्या शेवटी डाव्या अ‍ॅड्रिनलमध्ये (किडनीच्या वर बसलेली हार्मोनची ग्रंथी) 2.4 सेंटीमीटरची गाठ, कॉन्ट्रास्ट सीटी (नसेत औषध टोचून केलेला) करा असं लिहून आलं. त्यात एक जण सुई टाकून तुकडा काढा म्हणून राहिला आणि घरी सगळे कॅन्सर कॅन्सर करून राहिले. मी डॉक्टर नाही, सीटीच्या मशीनवर 14 वर्षं काढलेला टेक्निशियन आहे, तर जे रोज पाहतो तेच सांगतो.

पहिलं म्हणजे, खड्यासाठीचा सीटी बिना कॉन्ट्रास्टचा असते, आणि या गाठीसाठी सगळ्यात कामाचा सीटी तोच. म्हणजे उत्तर बहुतेक तुमच्या हातातल्या सीडीतच पडून आहे. आम्ही स्क्रीनवर गाठीच्या मधोमध एक छोटा गोल काढतो, कडेची चरबी आत येऊ देत नाही, की मशीन आकडा देते, त्याला एचयू म्हणतात, सीटी शोधणाऱ्या हाउन्सफील्डच्या नावावरून (त्याला 1979 चं नोबेल मिळालं). पाणी 0, चरबी उणे 100 च्या आसपास. अ‍ॅड्रिनल ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून हार्मोन बनवते, म्हणून तिच्या साध्या गाठीत, अ‍ॅडिनोमात, बारीक चरबी भरलेली असते आणि आकडा खाली येतो. गाठ आतून एकसारखी आणि आकडा 10 किंवा कमी, तर ती साधी, पुढे स्कॅनच्या मागे लागायचं काम नाही, 2023 च्या युरोपियन गाइडलाइनमध्ये हेच आहे. खूप लोकांचा अर्धा मिनिटाचा हा गोल कोणी काढतच नाही आणि पेशंट दुसऱ्या सीटीच्या पैशाची जुळवाजुळव करत फिरते.

आणि हो, फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो टाकून आकडा विचारू नका, फोटोतून एचयू निघत नाही. सीडी घेऊन त्याच सेंटरला जा, रेडिओलॉजिस्टले म्हणा, सर गाठीचा प्लेन एचयू रिपोर्टात लिहून द्या.

आकडा 10 च्या वर आला तरी लगेच कॅन्सर नाही. चरबी कमी असलेले अ‍ॅडिनोमाही असतात. मग वॉशआउट सीटी करतात, इंजेक्शन दिल्यावर एकदा मिनिटभरानं आणि पुन्हा 15 मिनिटांनी फोटो, औषध 60 टक्क्यांच्या वर धुऊन निघालं तर बहुधा साधी. पण बाबांना खडा आहे, म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघा, किडनीवर ताण असेल तर कॉन्ट्रास्टच्या ऐवजी केमिकल शिफ्ट एमआरआय (गाठीतली बारीक चरबी दाखवणारा) होऊ शकते, त्यात सुई टोचायचंही काम नाही. काळजी कधी, तर गाठ 4 सेंटीमीटरच्या वर, कडा वेड्यावाकड्या, आकडा 20 च्या वर, किंवा आधी कुठला कॅन्सर झालेला. आणि दोन्ही बाजूच्या अ‍ॅड्रिनल सुजलेल्या, वजन उतरलेलं असेल तर आपल्या भागात टीबीही डोक्यात ठेवावा लागते.

आता ते सुईचं. आधी सांगतो, नको. माझ्या काकूची गाठ 4.5 ची, आकडा 38. मधूनच डोकं ठणकायचं, घामानं लुगडं ओलं, छाती धडधड, गावात म्हणे बाहेरचं आहे. एका ठिकाणी तिलेही थेट बायोप्सीच सांगितली होती. नशीब की नागपूरच्या डॉक्टरनं आधी 24 तासांची लघवी मागितली. राळेगावहून एसटीत मी ती कॅन पायाशी धरून निघालो, कंडक्टर म्हणे, मोहाची असन तर आताच उतर बा, समोर दारूबंदीचा वर्धा जिल्हा लागते. खरं सांगितलं तर मागच्या सीटवर जा म्हणाला. रिपोर्टात मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या हार्मोनचा लघवीत उतरणारा अंश) कितीतरी पट वाढलेलं, म्हणजे फिओक्रोमोसायटोमा, बीपी उसळवणारे हार्मोन सोडणारी गाठ. तिथं सुई लागली असती तर बीपी असं उसळलं असतं की टेबलावरच काही होऊन बसलं असतं. आधी बीपीच्या गोळ्यांनी तयारी केली, मग ऑपरेशन. आता काकू वावरात जाते. तसंही सुईच्या तुकड्यावरून साधी गाठ आणि अ‍ॅड्रिनलचा कॅन्सर नीट वेगळे करता येत नाही.

स्कॅन गाठ कशी दिसते ते सांगते, ती हार्मोन सोडते का ते सांगत नाही. म्हणून आकडा कमी आला तरी रात्री 11 ला डेक्सामेथासोन 1 एमजी आणि सकाळी कोर्टिसोल ही टेस्ट करून घ्या, 1.8 (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या आत आलं तर निश्चिंत. बाबांना बीपी असेल किंवा पोटॅशियम कमी असेल तर आल्डोस्टेरॉन आणि रेनिनही (बीपी आणि मीठ सांभाळणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी). मेटानेफ्रिन मुख्यतः आकडा 10 च्या वर असला तर. हे एंडोक्राइनच्या डॉक्टरकडूनच लिहून घ्या, नागपूरला आहेत, आणि बीपीच्या सध्याच्या गोळ्यांचे रिकामे पत्ते सोबत न्या, काही गोळ्यांनी हे रिपोर्ट चुकतात.

एचयूचा आकडा आला की इथं टाका. आणि या गाठीच्या नादात खडा विसरू नका, 7 एमएमचा आहे, यूरॉलॉजिस्टले याच आठवड्यात दाखवा.