पातं वाकडं केलं तर वीज वाढेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा कुलर बनवायचा छोटा कारखाना आहे. पत्रा कापायचं, वाकवायचं मशिन घरचंच. मागं एक विक्रेता येऊन छतावर बसवायची पवनचक्की दाखवून गेला. उभ्या खांबाभोवती फिरणारी पिळदार पाती. म्हणाला, साध्या तीन पात्यांच्या चक्कीपेक्षा दुप्पट वीज देते. त्यानंतर पोरानं मोबाइलवर देवमाशाच्या परासारखी, कडेला गाठी असलेली पाती दाखवली. आता मनात आलंय की पाती आपणच बनवावी. वेगळ्या आकारानं खरंच फरक पडतो का? वीजबिल डोईजड झालंय. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, आधी विक्रेत्याचं बोलू, कारण पैसे तिथं अडकणार आहेत. ‘दुप्पट’ हा शब्द कानावर आला की माणसाला चहा पाजून वाटेला लावायचं. वाऱ्यातली सगळी शक्ती कुठल्याच पात्याला काढून घेता येत नाही. सगळी घेतली तर पात्यामागची हवा जागच्या जागी थांबेल आणि नव्या वाऱ्याला पुढं सरकायला वाटच उरणार नाही. थोडी शक्ती हवेकडं ठेवावीच लागते. जास्तीत जास्त किती घेता येईल, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९मध्ये गणितानं दाखवलं : ५९.३ टक्के. या गणितात पात्याचा आकार येतच नाही. आजची मोठी, तीन पात्यांची चांगली यंत्रं अनुकूल वाऱ्यात ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली आहेत. त्याच्या दुप्पट म्हणजे नव्वदच्या पुढं. तसलं यंत्र कुणी बनवलं असतं तर तो एमआयडीसीत दारोदार फिरला नसता.

तो म्हणेल, आम्ही छोट्या चक्कीशी तुलना केली. मग विचारा, किती वेगाच्या वाऱ्यात, किती व्यासाला, किती वॅट, आणि मोजलं कुणी? तोंडी नको, कागद मागा.

आता तुमच्या छताचा हिशोब. दोन मीटर व्यासाचं चक्र धरा, म्हणजे वारा अडवायला ३.१४ चौरस मीटर जागा मिळाली. वारा सेकंदाला ४ मीटर. आपली हवा तापलेली, शिवाय सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, म्हणून हवेची घनता घनमीटरला १.१ किलो धरू. चक्रावर येणारी शक्ती भरते सुमारे ११० वॅट. बेट्झच्या नियमानं त्यातली ६५ वॅटच्या वर मिळणारच नाही, आणि छोटं यंत्र, जनित्राचा नि बेअरिंगचा तोटा धरून हाती ३०-३५ वॅट आले तरी पुष्कळ. त्यावर तुमच्या एका कुलरचा पंखासुद्धा नीट फिरायचा नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते, निम्मा झाला की आठव्या हिश्शावर येते. म्हणून पवनचक्की डोंगरावर, उंच टॉवरवर नेतात. दोन मजली छतावर कठडा, पाण्याची टाकी आणि शेजारची शेड मिळून वाऱ्याची पार घुसळण करतात. तिथं वारा भासतो भरपूर, पण एका दिशेनं सलग येत नाही.

हंगामाचंही गणित तुमच्या विरुद्ध आहे. महाराष्ट्रात वाऱ्याचे महिने म्हणजे पावसाळ्याचे, जून ते सप्टेंबर. तुमची मशिनं रात्रंदिवस चालतात फेब्रुवारी ते मे. वीज येईल तेव्हा कुलरचं गिऱ्हाईक छत्री घेऊन फिरत असेल.

उभ्या खांबाची चक्की मुळात वाईट नाही, हेही सांगते. तिचे दोन जुने प्रकार आहेत. फिनलंडच्या साव्होनिउस यांनी १९२०च्या दशकात काढलेली, बॅरल उभं चिरून दोन अर्धे सरकवून बसवल्यासारखी दिसते. ती कुठल्याही दिशेच्या मंद वाऱ्यावर सुरू होते, पण वाऱ्यानं ढकललं तेवढीच फिरते, त्यामुळं वीज काढायला कमजोर. दुसरी फ्रान्सच्या दारिए यांची, धनुष्याकृती पात्यांची. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या काप-शा इथं असली एक ११० मीटर उंच चक्की उभारली होती. ती १९९३मध्ये बेअरिंग बिघडून बंद पडली ती पडलीच. या प्रकारात प्रत्येक पातं फेरीच्या अर्ध्या वाटेवर दुसऱ्यानं घुसळलेल्या हवेतून जातं. दर फेरीला भार कमी-जास्त होत राहतो आणि त्या हिसक्यांनी धातू थकतो. (तुमच्या एमआयडीसीतल्या शेडांवर गरगरणारे चकचकीत गोळे बघून ‘यातनं वीज येते का’ असं मला बरेच जण विचारतात. नाही. ते शेडमधली गरम हवा बाहेर काढतात, बास.)

आता देवमाशाकडं येऊ, कारण पोराचा प्रश्न विक्रेत्यापेक्षा कितीतरी चांगला आहे.

हंपबॅक देवमाशाच्या पराच्या पुढच्या कडेला खरोखरच गाठी असतात. अमेरिकेत फ्रँक फिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसल्या पराचा नमुना करून वातबोगद्यात, म्हणजे यंत्रानं वारा सोडलेल्या बोगद्यात, तपासला. निष्कर्ष २००४मध्ये छापून आले. पातं वाऱ्याला जास्त तिरकं धरलं की एका कोनानंतर हवा त्याच्या पाठीवरून सुटते आणि उचल, म्हणजे पात्याला ढकलणारा हवेचा जोर, एकदम ढासळते. गाठी असलेल्या परात हा कोन सुमारे ४० टक्क्यांनी पुढं ढकलला गेला. गाठींच्या मधल्या खोबणीतून हवेचे छोटे भोवरे निघतात आणि पाठीवरच्या हवेला धरून ठेवतात. छान कल्पना आहे. मग पवनचक्क्यांच्या साइटवर तसली पाती का दिसत नाहीत? कारण मोठ्या चक्कीत पातं स्वतःभोवती फिरवायची सोय असते. वारा वाढला की कंट्रोलर पात्याचा कोन बदलतो आणि त्या ढासळण्याच्या कोनाजवळ सहसा जाऊच देत नाही. जो आजार नेहमी होत नाही, त्याच्या औषधासाठी पन्नास मीटरचा नवा साचा कोण बनवणार? गाठींचा उपयोग झाला तो पंख्यांना. कॅनडात गोदामांच्या छताला टांगायच्या अवाढव्य पंख्यांवर त्या आल्या. तुमचा धंदा पंख्याचा आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

घुबडाची नक्कल मात्र साइटवर पोचली. घुबड आवाज न करता उडतं, त्यात पिसांच्या मागच्या झालरीचा वाटा असतो. पात्याच्या मागच्या कडेला टोकाकडच्या भागात करवती पट्ट्या चिकटवल्या की आवाज दोन-तीन डेसिबलनं उतरतो. तुम्ही म्हणाल, आवाजाचा विजेशी काय संबंध? युरोपात वस्तीजवळच्या चक्क्या रात्री आवाजाच्या नियमामुळं मुद्दाम हळू चालवाव्या लागतात. आवाज उतरला की वेग वाढवता येतो आणि त्यातून युनिटं वाढतात.

मला स्वतःला सगळ्यात पटलेला आकार म्हणजे टोकाकडं मागं वाकवलेलं पातं. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेनं एका कंपनीबरोबर असली २७ मीटरची पाती बनवून कॅलिफोर्नियात तेहाचापीला चालवून बघितली. झोत आला की वाकडं पातं आपोआप थोडं पिळलं जातं आणि भार सोडून देतं. शेजारच्या ४८ मीटर व्यासाच्या जुन्या यंत्रापेक्षा १० ते १२ टक्के ऊर्जा जास्त मिळाली. पण बारकाईनं बघा : नव्या चक्राचा व्यास ५४ मीटर होता. म्हणजे वाकडेपणानं वीज वाढवली नाही, त्यानं भार आवरला. भार आवरला म्हणून त्याच यंत्रावर लांब पातं लावता आलं, आणि वीज आणली ती लांबीनं. पातं १० टक्के लांब केलं की क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. त्याच्यापुढं आकाराच्या करामती किरकोळ ठरतात. जीई कंपनीनं २०१५मध्ये त्याच तेहाचापीला चक्राच्या मधोमध १८ मीटरचा ॲल्युमिनियमचा घुमट बसवून बघितला. एवढा खटाटोप करून फायदा झाला ३ टक्क्यांचा.

आणि तेवढे टक्के तर धूळ खाऊन टाकते. माझं काम पात्यांच्या दुरुस्तीचं. पंढरपूरहून मिरजेच्या गाडीत बसलात तर ढालगावच्या आसपास डोंगरावर चक्क्यांची रांग दिसते, तसल्या माळावरची साइट. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा चक्र लॉक करून एक पातं सरळ खाली आणायचं, आणि दोरावर लटकत टोकापर्यंत उतरायचं. पात्याचं टोक चालताना ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरनं पळतं. त्या वेगात पावसाचा थेंब, मातीचा कण, किडा, जे समोर येईल ते पुढच्या कडेवर आपटतं. आधी रंग जातो, मग वरचा थर, मग खालच्या काचतंतूचे धागे उघडे पडतात. नवी कड हाताला गुळगुळीत लागते, झिजलेली आपल्या कडक भाकरीच्या कडेसारखी. घासायचं, पुट्टी भरायची, वर संरक्षक लेप किंवा टेप. संगणकावर महिनोन्महिने घोटून काढलेला आकार या दोन बोटं रुंदीच्या पट्टीत बिघडतो, आणि वर्षाच्या विजेत काही टक्क्यांचा खड्डा पडतो. विचित्र आकाराचं पातं दाखवायला कुणी आलं की मी एकच विचारते : याची कड झिजल्यावर दुरुस्त कशी करणार?

तर दादा, बिलासाठी छतावर सोलर घाला. सोलापूरच्या उन्हाला कुठल्या पात्याची गरज नाही, आणि ते तुमच्याच हंगामात कडक असतं. पाती करायची हौस मात्र जरूर भागवा. फक्त कुलरचं पातं उचलून जनित्राला लावू नका. ते हवा ढकलायला बनवलेलं असतं. वाऱ्याकडून फिरून घ्यायचं पातं लांब, अरुंद आणि मुळापासून टोकापर्यंत पीळ कमी होत जाणारं लागतं. पत्र्यापेक्षा लाकूड बरं, आणि तोल ग्रॅमपर्यंत जुळवा. सुटलेलं पातं शेजारच्या शेडमध्ये शिरतं.

प्रश्न : पवनचक्कीला तीनच पाती का असतात? दहा लावली तर जास्त वारा पकडणार नाही का? – इयत्ता नववी, मंगळवेढा

उत्तर : दहा कशाला, एकानं १४४ लावली होती! अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश यांनी १८८८मध्ये घरामागं १७ मीटर व्यासाची चक्की उभारली, लाकडी पाती १४४. मिळाले किती, तर १२ किलोवॅट. पुढं डेन्मार्कच्या पॉल ला कूर यांनी प्रयोग करून दाखवलं की थोडी पाती वेगानं फिरवली तर वीज चांगली निघते. पुष्कळ पात्यांचं चक्र सावकाश फिरतं पण ताकद जास्त लावतं, विहिरीचं पाणी उपसायला ते बरं. जनित्राला वेग लागतो. दोन पात्यांचं चक्र स्वस्त पडतं, पण चक्की वाऱ्याकडं तोंड वळवताना ते हिसके देतं. तीनमध्ये तोल राहतो. चौथं लावून जे वाढतं, त्यापेक्षा त्याचा खर्च जास्त.

प्रश्न : आमच्याकडं माळढोकाचं अभयारण्य आहे. पक्ष्यांना धडकणार नाही असा पात्याचा आकार निघालाय का? – एक वाचक, नान्नज

उत्तर : आकार नाही, रंग. नॉर्वेत स्मॉला इथं चार चक्क्यांचं प्रत्येकी एक पातं काळं रंगवलं. शेजारच्या न रंगवलेल्या चक्क्यांशी ताडून पाहिलं तर पक्ष्यांचे मृत्यू ७० टक्क्यांहून जास्त कमी झाल्याचं २०२०मध्ये प्रसिद्ध झालं. यंत्रं फक्त चार, त्यामुळं आपल्याकडं तसंच घडेल असं धरून चालू नका. आणि माळढोकाचा मोठा वैरी पातं नाही, तारा आहेत. त्याला समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही. तो उच्चदाबाच्या तारांना धडकून मरतो. माळाजवळ नवी लाइन टाकायचं निघालं, तर ती जमिनीखालून न्यायला सांगा, आणि जुन्या तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावून घ्या.