पॅरामिनच्या डोंगरात भयपट करू पाहणाऱ्यास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझी पटकथा दोनदा वाचली. त्रिनिदादच्या उत्तरेकडील डोंगरातल्या पॅरामिन गावी, गावकऱ्यांनाच पात्रे करून, तुटपुंज्या पैशांत भयपट करण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. मात्र त्यातल्या एका प्रसंगाने मी अस्वस्थ झालो, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

पांढऱ्या वस्त्रांतल्या, डोक्याला फडके बांधलेल्या स्त्रिया रात्री घंटा वाजवीत प्रार्थना करतात आणि तिथूनच अमंगळाची चाहूल लागते, असे तू दाखवले आहेस. त्या स्पिरिच्युअल बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या आहेत हे तिथला प्रेक्षक पाहताक्षणी ओळखेल. वसाहतीच्या सरकारने १९१७ मध्ये कायदा करून या पंथाच्या उपासनेवर बंदी घातली आणि ती थेट १९५१ मध्ये उठली. ती उठल्याचा ३० मार्च हा दिवस तिथे आता सार्वजनिक सुट्टीचा असतो. प्रार्थना केली म्हणून ज्यांच्या आजी-आजोबांना गुन्हेगार ठरवले गेले, त्यांचीच उपासना तू पुन्हा संशयाच्या उजेडात उभी करतो आहेस. तो प्रसंग काढून टाक.

त्याची उणीव भासणार नाही, कारण तुझ्याकडे तिथल्या लोककथांतला ड्वेन आहे. उलट्या पावलांची हडळ आपण लहानपणापासून ऐकलेली असते, त्यामुळे उलट्या पावलांचा, मोठ्या गवती टोपीखाली चेहराच नसलेला ड्वेन आपल्याला लगेच कळला असे वाटते. परंतु ड्वेन म्हणजे बाप्तिस्मा होण्यापूर्वीच गेलेले मूल. तो इतर मुलांना नावाने हाक मारून रानात नेतो, म्हणून तिन्हीसांजेला अंगणात मुलांची नावे मोठ्याने घेऊ नयेत असे जुनी माणसे सांगत. या कथेच्या तळाशी तान्हे मूल गमावलेल्या आईबापांचे दुःख आहे, आणि तुझ्या पटकथेत नेमके तेच नाही. वृद्ध स्त्रियांजवळ बसून ऐक, पहिले काही दिवस कॅमेरा बाहेर काढू नकोस, आणि कोणी बोलता बोलता गप्प झाली तर पुढचे विचारू नकोस.

अशा ऐकण्यातून खर्चही कमी होतो. ड्वेन दाखवण्यासाठी रबरी पावले करवून घेण्याची गरज नाही. पायवाटेच्या चिखलात रानाकडून घराकडे आलेली, पण बोटे रानाकडे वळलेली लहान पावले उमटव आणि झाडीतून एकदाच मुलाचे नाव ऐकू येऊ दे. जे पैसे वाचतील ते ध्वनिमुद्रणावर खर्च कर. अंधुक चित्र प्रेक्षक सहन करतो, अस्पष्ट हाक मात्र वाया जाते. रात्रकिड्यांचा आणि बेडकांचा आवाज वेगळा, सलग मुद्रित करून ठेव, म्हणजे तो अचानक थांबवता येईल.

विषुववृत्त जवळ असल्याने तिथे संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काम संपते, म्हणून तालीम दुपारीच पूर्ण कर आणि एका संध्याकाळी एकच प्रसंग घे. कोरडा हंगाम जानेवारी ते मे असतो. ईस्टरच्या काही आठवडे आधी येणाऱ्या कार्निव्हलच्या सोमवारी अंगाला निळा रंग फासून डेव्हिल होणारे पॅरामिनचे कलाकार त्याआधी स्वतःच्या तयारीत गुंतलेले असतात, तेव्हा चित्रीकरण ईस्टरनंतर ठेव. त्या कलाकारांना देहबोलीचे शिक्षक म्हणून घे आणि श्रेयनामावलीत तसे लिही.

मानधन थोडे असले तरी पहिल्या दिवशीच हातात दे, आणि चित्रपट विकला गेल्यास गावाला किती वाटा मिळेल हे कागदावर लिहून, सर्वांसमोर वाचून दाखव. लहान मुले असतील तर पालक प्रत्येक प्रसंगाला हजर हवेत. संवाद इंग्रजीत लिहून देऊ नकोस. तिथल्या वडीलधाऱ्यांना अजून पात्वा ही फ्रेंचवर बेतलेली स्थानिक बोली येते, प्रसंग समजावून सांग आणि त्यांना त्यांच्या शब्दांत बोलू दे.

कोकणातल्या एका गावात केलेला माझा पहिला लघुपट मी त्या गावाला कधीच दाखवला नाही. काही वर्षांनी गेलो तेव्हा त्यातली आजी हयात नव्हती, आणि ‘ती शेवटपर्यंत विचारायची’ एवढेच तिच्या मुलाने सांगितले. तू पहिला खेळ पॅरामिनमध्येच कर, अंतिम संकलनापूर्वी कर, आणि कोणी एखादे दृश्य काढायला सांगितले तर ते काढण्याइतका वेळ हाताशी ठेव.

नवा खर्डा झाला की पाठव. आईच्या प्रसंगापासून वाचायला सुरुवात करीन.

तुझा हितचिंतक