आधी वारूळ पाहा

ठाणे

प्रिय विद्यार्थ्यास सप्रेम आशीर्वाद,

महाकाय मुंगीखाऊवरचा (जायंट अँटईटर) तुझा लेख दोनदा वाचला. सुमारे ६० सेंटीमीटर लांबीची जीभ, तिची मिनिटाला दीडशेपर्यंत होणारी ये-जा, दिवसाकाठी फस्त होणाऱ्या ३०,००० मुंग्या आणि वाळवी, हे सारे आकडे बरोबर आहेत. परंतु इतका खाणारा प्राणी भरल्या वारुळावरून मिनिटभरातच का निघून जातो, हा प्रश्न तू स्वतःला विचारलेला नाहीस, आणि खरी मेख तिथेच आहे.

गेल्या पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पायवाटेलगत एका वारुळाचा कोपरा ढासळलेला दिसला, म्हणून मी शेजारी उकिडवा बसलो. आधी मऊ, पांढरट कामकरी वाळवी उघडी पडली होती. थोड्याच वेळात मोठ्या डोक्याचे सैनिक जबडे पसरून भगदाडाच्या कडेने उभे राहिले. मुंगीखाऊची घाई मला तेव्हा उमगली. कातडी जाड असूनही सैनिक जमू लागताच तो पुढचे वारूळ गाठतो, त्यामुळे वसाहत पुरती उद्ध्वस्त होत नाही आणि पुढेही त्याला अन्न देत राहते.

‘आळशी’ हा शब्द मात्र काढून टाक. मुंग्यांतून मिळणारी ऊर्जा बेताची, म्हणून त्याच्या शरीराचे तापमानही ३३ अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे बहुतेक सस्तन प्राण्यांहून कमी असते, आणि झुपकेदार शेपूट अंगावर पांघरून तो दिवसातले कितीतरी तास झोपतो, ते ही ऊर्जा जपण्यासाठीच. वारूळ फोडणारी नखे बोथट होऊ नयेत म्हणून ती आत मुडपून चालण्याची त्याची रीतही मला फार विलक्षण वाटते. तिला तू एकच ओळ दिलीस, याची चुटपुट लागली.

आपल्या खवले मांजराला तू त्याचा चुलतभाऊ म्हटले आहेस, तेही दुरुस्त कर. मुंगीखाऊ मध्य व दक्षिण अमेरिकेतला, त्याचे आप्त स्लॉथ आणि आर्माडिलो; खवले मांजराचे नाते मात्र मांसभक्षक गणाशी अधिक जवळचे आहे. दातांविना तोंड, चिकट लांब जीभ आणि खणणारी नखे दोघांना एकाच प्रकारच्या अन्नामुळे, पण स्वतंत्रपणे लाभली.

रविवारी सकाळी येऊरला ये. वारूळ आपण मोडायचे नाही, पावसाने ढासळलेलेच शोधू. सेकंदकाटा असलेले घड्याळ आण; सैनिक किती वेळात जमतात, ते तूच मोज आणि मग लेखाचा तो परिच्छेद नव्याने लिहायला घे.

तुझा शुभचिंतक