वाचक विचारतात : आईस हॉकी समोर बसून बघायची तर

प्रश्न : नमस्कार. मी जुळे सोलापूरचा, बँकेतून रिटायर झालोय. मुलगी आणि जावई टोरंटोला असतात, मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं तिकडे होतो तेव्हा जावईबापूंनी आईस हॉकीच्या मॅचला नेलं. आजवर क्रिकेट आणि कबड्डी सोडून दुसरं काही बघितलं नव्हतं. निम्म्या वेळेला तो पक कुठे गेला तेच दिसायचं नाही, पण मॅच संपल्यावर खुर्चीतून उठूच वाटेना, इतका आवडला खेळ. आता इथे आल्यापासून पहाटे उठून मोबाईलवर बघतो पण ती मजा येत नाही. असं का? आणि परत गेल्यावर नीट बघायचं तर कुठे बसावं, काय बघावं?

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून लई आनंद झाला, कारण या खेळाचं वेड लागलेली माणसं सोलापुरात भेटतात कुठे. आधी पकचं सांगतो. तो दिसला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. तीन इंच रुंद आणि एक इंच जाड रबराची चकती ती, वजन साधारण आपल्या सीझन बॉलएवढं, आणि जोरात मारली की ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जाते. त्यात मॅचच्या आधी पक मुद्दाम गोठवून ठेवतात, म्हणजे तो उसळत नाही, बर्फाला चिकटून सरळ सुसाट जातो. तिथे वर्षानुवर्षं येणाऱ्या लोकांनासुद्धा तो प्रत्येक क्षणाला दिसत नाही, ते बघतात खेळाडूंकडे. तुम्ही कबड्डी बघितलीय ना, मग हे तुम्हाला लगेच कळेल. नवा माणूस फक्त रेडरकडे बघतो, जुना माणूस कव्हर आणि कॉर्नर कसे सरकतात ते बघतो आणि पकड होणार हे त्याला आधीच कळतं. इथेही तसंच बघायचं. ज्याच्याकडे पक नाही असा एखादा खेळाडू धरा आणि तो कुठे निघालाय, रिकामी जागा कशी शोधतोय ते बघत बसा, पक आपोआप तिथे येतो.

मोबाईलवर मजा जाते ती इथेच. कॅमेरा पकच्या मागे धावतो, त्यामुळे रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, एक तुकडाच दिसतो, आणि हा खेळ तर उरलेल्या भागात शिजत असतो. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली सगळ्यात मोठी हॉकी लीग, तिचं रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं, समोर बसलं की ते सगळं एका नजरेत येतं. दुसरं म्हणजे आवाज. टीव्हीवर कॉमेंट्री असते, त्याखाली स्केटचं पातं बर्फ कापतं तो खर्र आवाज, पास मागायला खेळाडू स्टिक बर्फावर आपटतात ती टकटक, पक रिंकच्या कडेच्या फळीवर आदळल्याचा धाडकन आवाज आणि गोलपोस्टच्या लोखंडाला लागला की येणारा तो टण्ण, हे सगळं दबून जातं. माझ्या मते आईस हॉकी निम्मी कानाने बघायची असते. थोडा वेळ मुद्दाम डोळे मिटून ऐका, खेळ कुठल्या बाजूला चाललाय हे कळायला लागतं.

आता बसायचं कुठे. पहिल्या रांगेची तिकिटं महाग असतात आणि लोक हौसेने घेतात, समोरच्या काचेवर दोन माणसं येऊन आदळतात तेव्हा थरार वाटतो हे खरंच, पण तिथून पलीकडच्या टोकाचं काही म्हणजे काही दिसत नाही. तुम्ही वरच्या मजल्यावरची, लांब बाजूची मधली जागा घ्या. ती स्वस्तही पडते आणि खेळाची रचना पूर्ण दिसते. खाली बर्फाजवळ गारठा पण जास्त असतो, काकूंना सांगा स्वेटर आणि टोपी सोबत ठेवा, हॉल बंद असला तरी थंडी लागतेच.

बसल्यावर पहिली नजर बेंचवर टाका. प्रत्येक टीमचे गोलकीपर धरून सहा जण बर्फावर असतात आणि खेळ न थांबवता सारखे बदलत राहतात, फळीवरून उडी मारून एक आत येतो तर दुसरा बाहेर. पंचेचाळीस सेकंद, फार तर मिनिटभर खेळायचं आणि यायचं, कारण तेवढा वेळ तो माणूस पूर्ण ताकदीने पळत असतो, त्यापुढे पाय उचलत नाहीत. हे बदल चुकीच्या वेळी झाले की समोरचे मोकळे सुटतात आणि बरेच गोल असेच होतात. टीव्हीवर हे जवळजवळ दिसतच नाही.

नियम दोनच पक्के करा, बाकीचे बघता बघता येतात. समोरच्याच्या निळ्या रेषेच्या आत पकच्या आधी आपला माणूस गेला की ऑफसाईड. आणि मधल्या लाल रेषेच्या अलीकडून पक थेट समोरच्या गोललाईनपलीकडे भिरकावून दिला, मध्ये कोणाला लागला नाही, तर आयसिंग. आयसिंग केलं की खेळ परत तुमच्याच गोलसमोर सुरू होतो आणि वर खेळाडू बदलायला मिळत नाहीत, म्हणजे दमलेल्या पाच जणांना तिथेच उभं राहावं लागतं. अशा वेळी पुढचं मिनिटभर मान फिरवू नका, काहीतरी होणारच असतं. कोणी नियम मोडला तर साधारण दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसवतात, त्या वेळात पाच विरुद्ध चार, त्याला पॉवर प्ले म्हणतात. मध्येच गोल पडला तर साध्या पेनल्टीतला माणूस लगेच परत येतो.

वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात पण खेळ थांबला की घड्याळ पण थांबतं, म्हणून सगळं मिळून अडीच तास धरून चला. मधल्या सुट्टीत सगळे खायला पळतात, तुम्ही पळू नका, ती बर्फ सारखी करणारी मोठी गाडी बघा. फ्रँक झांबोनी नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात १९४९ मध्ये ती बनवली. गाडी वरचा ओरखडलेला थर तासते, तो चुरा आत ओढून घेते, आणि मागे पाण्याचा पातळ थर सोडत जाते, तेही गरम पाणी. गरम पाणी वरचा बर्फ किंचित वितळवतं आणि त्याच्याशी एकजीव होऊन गोठतं, म्हणून तो आरसा तयार होतो. चेन्नईला किंवा आपल्या पार्क स्टेडियमवर पिच झाकायची धावपळ बघितलेल्या माणसाला हे काम बघायला आवडेलच. आणि शेवटची दोन मिनिटं, एक गोलाने मागे असलेली टीम गोलकीपरला बाहेर बोलावून सहावा माणूस हल्ल्याला पाठवते, पाठीमागे गोल उघडा. त्या वेळी सगळं स्टेडियम उभं असतं.

तिकिटाचं म्हणाल तर टोरंटो मेपल लीफ्सची मॅच फार महाग पडते, १९६७ नंतर एकदाही स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, मिळाला नाही तरी त्या गावाची माया कमी होत नाही. जावयांना सांगा मार्लीजची, म्हणजे लीफ्सच्याच खालच्या लीगमधल्या टीमची, किंवा बायकांच्या लीगमधल्या टोरंटो सेप्टर्सची मॅच बघा, खर्च बराच कमी होतो आणि खेळ एकदम कडक. बायकांची ती लीग जानेवारी २०२४ ला सुरू झाली, मी तिथल्या मॅचला लहान पोरींच्या रांगाच्या रांगा बघितल्यात, गळ्यात आपल्या आवडत्या खेळाडूचा बोर्ड. ते बघून फार बरं वाटतं. आणि इथे असताना टोरंटोची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला असते, तेव्हा मोबाईल सोडून मोठ्या स्क्रीनवर लावा, आवाज वाढवा. कॅनडात पंजाबीतून पण कॉमेंट्री होते, २००८ पासून, ती ऐका एकदा, भाषा अर्धी कळली तरी जोश पूर्ण पोचतो.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण दोघी नोकरी करतो, अशोक चौकात राहतो. रील्स बघून बघून आईस हॉकीचं वेड लागलंय पण परदेशात जाणं काही जमणार नाही. भारतात समोर बसून मॅच बघायला मिळेल का?

उत्तर : ताई, मिळेल की, आणि माझं स्पष्ट मत आहे की पहिली मॅच लेहलाच बघावी. खेलो इंडिया विंटर गेम्स २०२० पासून होतात, त्यातली आईस हॉकी लेहला असते, २०२५ मध्ये २३ ते २७ जानेवारीला होती. म्हणजे संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक बघून मग निघालात तरी चालतं, फक्त त्या वर्षीच्या तारखा आधी बघा. तिथे तळ्याचं पाणी गोठवून केलेलं रिंक आहे, आता कृत्रिम बर्फाचंही झालंय. उघड्या आकाशाखाली, चारी बाजूंना बोडके डोंगर, आणि आजी-आजोबांपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळं गाव कडेला. प्रत्येकाच्या घरातलं कोणीतरी खेळलेलं असतं, त्यामुळे नावं घेऊन ओरडतात. तुमच्या बाजूला कोण उभंय त्याला काहीही विचारा, तो आनंदाने सांगतो.

आपली बायकांची टीम बहुतेक याच लडाखच्या पोरींची. २०१६ ला पहिल्यांदा परदेशात खेळायला जाताना लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते, २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ ने हरवून पहिला विजय मिळवला आणि २०२५ ला अल ऐनला आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं. देशात वर्षभर चालणारी रिंक बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातून हे. अशा खेळाडूंसाठी टाळ्या वाजवायला आपल्या गावातून माणसं जायलाच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

तयारी मात्र नीट करा. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस फक्त आराम आणि भरपूर पाणी, जिने चढायची पण घाई नको. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जानेवारीत रात्री उणे पंधराच्या खाली सहज जातं, आपण चव्वेचाळीस डिग्रीत वाढलेली माणसं, थंडी आधी तळपायातून चढते म्हणून जाड तळाचे बूट आणि दोन मोजे. पायरीवर बसायला आपली सोलापुरी चादर चौपदरी घडी करून न्या, खरंच उपयोगी पडते. थंडीत मोबाईलची बॅटरी पटकन उतरते, तो आतल्या खिशात ठेवा. हिवाळ्यात हवामानामुळे विमानं रद्द होतात, म्हणून एक-दोन दिवस हाताशी ठेवूनच तिकीट काढा. आणि नैसर्गिक रिंकवर फळीच्या वर काच नसली तर गोलच्या मागे उभ्या राहू नका, पक उडून येतो.

तेवढं लांब नको असेल तर डेहराडूनचं हिमाद्री रिंक लक्षात ठेवा, २०११ मध्ये बांधलेलं, मधली बरीच वर्षं बंद होतं, २०२५ मध्ये परत सुरू झालं. तिथे काय स्पर्धा आहेत ते अधूनमधून बघत राहा.

प्रश्न : या खेळात मारामारी चालते म्हणे, खरं का? (विद्यार्थी, होटगी रोड)

उत्तर : चालते असं नाही, एनएचएलमध्ये मारामारी केली की पाच मिनिटं बाहेर बसावं लागतं. ऑलिंपिक आणि देशादेशांच्या मॅचमध्ये शिक्षा अजून कडक, थेट मॅचमधून बाहेर. नियमात बसणारी धडक वेगळी, ती पक ज्याच्याकडे आहे त्यालाच द्यायची. मारामारीसाठी मॅच बघू नकोस रे, गोलकीपर बघ. अंगावर एवढा बोजा घेऊन तो गुडघ्यावर सरकत जातो आणि शॉट सुटायच्या आधी गोलकडे जायचा कोन बंद करतो, ते बघण्यात पैसे वसूल होतात.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे, इनलाईन स्केटिंग करते. तिला पुढे आईस हॉकी खेळता येईल का? (एक आई, सात रस्ता)

उत्तर : येईल. तोल, वळणं, उलटं पळणं हे सगळं इनलाईनवरून बर्फावर बरंचसं जातं. थांबणं तेवढं नव्याने शिकावं लागतं, बर्फावर दोन्ही पाती आडवी करून बर्फ खरवडत थांबतात. सध्या तिला रोलर हॉकीची स्टिक द्या, मान वर ठेवून चेंडू पुढे न्यायची सवय लागू दे, आणि सुट्टीत एकदा खऱ्या बर्फावर न्या.